शुभेच्छापत्रासाठी रंगांची जुळणी कुठून घेता? (कोल्हापूरचे रंग)

मोरपंखी
६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दिवाळीची पत्रं करायला घेतली आहेत आणि अडले आहे, म्हणून हा धागा.

गेली सहा वर्षं मी दर दिवाळीला चाळीसेक शुभेच्छापत्रं हातानं करते आणि पोस्टानं पाठवते. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे, मागच्या सोप्यात सकाळी उजेड छान येतो. तिथं पाट मांडून बसते. कुठले रंग घ्यायचे हे इतकी वर्षं फोनवर बघून ठरवायची. पाच चौकोनांच्या तयार पट्ट्या मिळतात, डोळ्याला गोड दिसतात. त्या समोर ठेवून पोस्टर कलर मिसळायचे. गेल्या वर्षी सोलापूरच्या आत्याचा फोन आला. म्हणाली, "कार्ड सुरेख झालंय गं. पण असेच रंग ठाण्याच्या भाचीकडूनही आलेत. पाकीट बघितल्यावर कळलं कोणतं कुणाचं." तिनं प्रेमानंच सांगितलं, पण मला ते लागलं. एवढं बसून केलेल्या पत्रात मीही नव्हते आणि कोल्हापूरही नव्हतं.

म्हणून यंदा श्रावणात एक वही केली. जे डोळ्यांनी बघितलं त्याचेच रंग उतरवायचे, फोन पिशवीत. पहिल्यांदा रंकाळ्यावर गेले. पाऊस नुकता थांबला होता, साडेसहा वाजले असतील. रंकाळा म्हटलं की आपण सहज निळा घेतो. त्या दिवशी पाण्यात निळं काही नव्हतं. पाणी पारव्याच्या पोटासारखं होतं, राखाडी आणि त्यात कुठंतरी जांभळट झाक. काठाला शेवाळी. संध्यामठाचा दगड भिजून काळा झालेला. आणि भेळेच्या गाडीवर एक दिवा लागला, त्याचा केशरी ठिपका पाण्यात लांबत गेला. मी चौघांची नावं वहीत लिहिली: पारवा, शेवाळी, ओला काळा, दिव्याचा केशरी. घरी येऊन मिसळले. एकेक रंग तंतोतंत जमला.

मग कार्डावर चार उभे पट्टे काढले आणि रंकाळा गायब. रंग तेच, पण बघणाऱ्याला काही म्हणजे काही वाटत नाही. हे का झालं ते मला कळत नाहीये. तुम्ही रंग कुठून घेता, कसे मांडता, सविस्तर सांगा.

आणखी दोन अडचणी. गेल्या संक्रांतीला हळदीच्या पाण्यानं रंगवलेली काही पत्रं वाटली होती. एक आमच्याच खिडकीत ठेवलं होतं, ते दोन महिन्यांत जवळजवळ कोरं झालं. आणि जाड कार्डाची घडी घालताना घडीवर रंग तडकतो, आतला पांढरा कागद दिसतो. काय करावं?

काठपदर
६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मोरपंखी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या माहेरच्या दुकानात आहे. वडिलांचं महाद्वार रोडला साड्यांचं दुकान होतं. मी शाळा सुटली की गादीवर बसून घड्या घालायची.

तू सगळे रंग सारखे वाटलेस. साडीत कधी असं असतं का? अंग असतं, काठ असतो, पदर असतो. अंगाचा रंग सगळ्यात जास्त, पण तो गप्प असतो. काठ अरुंद, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. पदर एका बाजूला, आणि सगळी मिजास तिथं. काळी चंद्रकळा डोळ्यासमोर आण. अंग सगळं काळं, आणि काठाला बोटभर लाल. तोच लाल आणि तोच काळा अर्धा-अर्धा केलास तर चंद्रकळा राहील का? वडील अशा कापडाला सतरंजी म्हणायचे आणि वर ठेवून द्यायचे.

तुझ्या रंकाळ्यात पारवा हे अंग आहे. काळा आणि शेवाळी काठाला. केशरी म्हणजे पदरावरची एक बुट्टी, तीही एकच.

आणि तू रंगांना नावं दिलीस हे मला सगळ्यात आवडलं. आमच्याकडं रंग नावानंच विकला जायचा. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, श्रीखंडी, गव्हाळी, मोतिया, कुसुंबी, विटकरी, अबोली, मेंदी, चिंतामणी. गिऱ्हाईक "लाल दाखवा" म्हणालं की वडील विचारायचे, "लाल म्हणजे कुंकवाचा, डाळिंबाचा की विटेचा?" या तीन लालांत तीन वेगळ्या बायका बसलेल्या असायच्या. आज दुकानात 'मरून' आणि 'वाईन' यापलीकडं कुणी बोलत नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं. आमसुली शब्द गेला तर तो रंग डोळ्यालाही दिसेनासा होईल असं मला खरंच वाटतं. तुझ्या पत्राच्या मागं बारीक अक्षरात त्या रंगांची नावं लिहीत जा.

कागदवाला_काका
७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

घडीचं मी सांगतो. शुक्रवार पेठेत पस्तीस वर्षं बायंडिंग केलं.

कागदाला ग्रेन असतो, म्हणजे धाग्यांची दिशा. लाकडाला कसा असतो, तसा. कार्डाचं शीट दोन्ही हातांत धरून आधी लांबीकडून हलकं वाकवा, मग रुंदीकडून. एका बाजूनं ते मुकाट्यानं वाकेल, दुसऱ्या बाजूनं अडेल. जिकडून सहज वाकतं ती घडीची दिशा. ग्रेनच्या आडवी घडी घातली की धागे तुटतात आणि कडा फुटते. निम्मी तक्रार एवढ्यावरच मिटते.

दुसरं, घडी घालण्याआधी क्रीझ मारायची. आमच्याकडं त्याचं मशीन असतं. घरी संपलेलं बॉलपेन घ्या, खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या, स्टीलची पट्टी, आणि बेतानं दाबून दोनदा ओढा. कार्ड कापायचं नाही, नुसतं दबवायचं. ओळ मारायची ती कार्डाच्या बाहेरच्या बाजूनं. आतल्या अंगाला जो बारीक उंचवटा येतो, तो घडीच्या आत राहिला पाहिजे. बरेच जण उलटं करतात, म्हणून कार्ड उघडंच राहतं, नीट मिटत नाही.

तिसरं, पोस्टर कलरचा थर जाड दिला की वाळल्यावर तो ठिसूळ होतो. तडकणारच. क्रीझ आधी मारा, एकदा घडी घालून परत उघडा, मग रंगवा, आणि घडीवर रंग पातळ ठेवा. नाहीतर घडीच्या दोन्ही बाजूंना पाच मिलीमीटर कोरं सोडा.

वजनाचाही हिशेब सांगतो, कारण लोक पाठवतात आणि पलीकडच्याला दंड भरावा लागतो. ३०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद ३०० ग्रॅमचा. ए-५ आकाराचं शीट १४.८ बाय २१ सेंटीमीटर, ते दुमडून तुमचं कार्ड होतं. त्याचं वजन ९.३ ग्रॅम भरतं. ११.४ बाय १६.२ चं पाकीट साधारण पाच ग्रॅम. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. म्हणजे रंग, चिकटवलेला कागद, दोरा सगळं मिळून पाच-सहा ग्रॅम तुमच्या हातात आहेत. आरसे, टिकल्या, मणी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मण्यांवर पोस्टाचा शिक्का बसताना पाकीट फाटतं ते वेगळंच.

चिकटवायला पांढरा गोंद पाणी सोडतो, पातळ कागद सुरकुततो. मी अजून मैद्याची खळ करतो. अगदी घट्ट, आणि ब्रशनं नाही, बोटानं, कडेकडेला. बायंडिंगच्या खळीत आम्ही कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचो. तुम्ही घालू नका, ते विषारी असतं आणि घरात पोरं असतात. रोजची खळ रोज करा.

जाता जाता एक सांगतो. २०१९ च्या महापुरात माझ्या गोडाऊनमधला टिंटेड पेपर भिजला. वाळवल्यावर प्रत्येक शीटवर पाण्याची रेघ उमटलेली, बदामी कागदावर तपकिरी, डोंगराच्या कडेसारखी. टाकवला नाही. अजून चाळीस-पन्नास शीट आहेत. ताई, कधी या बाजूला आलात तर घेऊन जा. रंग न लावताच कार्ड होईल त्याचं.

निळी_शाई
७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मी चित्रकला शिकवते, पाचवी ते दहावी. काठपदर ताईंनी जे सांगितलं ते मी मुलांना वर्षभर समजावते आणि इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. उद्यापासून अंग, काठ, पदर हेच शब्द वर्गात वापरणार.

त्याला एक जोड देते. पॅरिसमध्ये गोब्लँ इथं भिंतीवरचे विणलेले पडदे तयार व्हायचे. तिथल्या रंगकामाची जबाबदारी शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडं होती. तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय, रंगात खोट आहे. त्यानं धागा तपासला, काळ्यात काही खोट नव्हती. तो काळा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, म्हणून डोळ्याला फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्यानं याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडं ढकलतो. केशरीच्या शेजारचा राखाडी निळसर दिसतो. आता तुमचा रंकाळा बघा. पारवा मोठा आणि केशरी बारीक ठेवला की पारवा आपोआप पाणी होतो. त्यात निळा घालावाच लागत नाही. सारखे पट्टे केले की केशरीच सगळ्यांवर ओरडतो.

पारवा मिसळताना काळा आणि पांढरा घेतलात का? बहुतेक जण तसंच करतात आणि सिमेंट तयार होतं. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, घाला, मग पांढरा. थंड हवा असेल तर निळा थोडा जास्त, उन्हाचा असेल तर सिएना जास्त. या करड्यात दोन रंग जिवंत असतात.

मांडणी झाली की डोळे अर्धवट मिटून बघा. रंग पुसट होतात आणि फक्त गडद-फिकं उरतं. तिथं सगळं एकसारखं दिसत असेल तर रंग कितीही सुंदर असोत, कार्ड सपाट राहणार. आणि ट्यूबलाइटखाली मिसळलेला रंग सकाळच्या उजेडात परत बघितल्याशिवाय चाळीस कार्डांवर लावू नका. माझी एकदा तीस कार्डं वाया गेली आहेत, रात्री अबोली वाटलेला रंग सकाळी चक्क विटकरी निघाला.

हळदीचं दुःख समजू शकते. हळदीतला रंग उन्हाला टिकतच नाही, तिथं कुणाचा इलाज नाही. शिवाय चुन्याचा किंवा सोड्याचा अंश लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी हळदीला चुना देऊनच करायचे. पिवळा टिकायला हवा तर मातीचा घ्या, पिवडी. लालसाठी गेरू आणि हिरमिजी. काळ्यासाठी काजळी. हे मातीचे आणि कोळशाचे रंग, उजेडानं उडत नाहीत. डिंकाच्या पाण्यात खलून घेतले की कागदावर छान बसतात. पिवडी हळदीसारखी झगझगीत नसते, पण जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी ऊब तिच्यात असते.

आणखी एक विनंती. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं बघा. १९३१ मध्ये ते गेले. कोटीतीर्थ, रंकाळा, आपल्याच गावाचा उजेड. मी वहीत फक्त रंगांचे ठिपके उतरवते, चित्र नाही. एका चित्रातून पाच ठिपके. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथं पावडर शेडिंगची चित्रं बघितली की कमी रंगांत किती होतं ते कळतं. आपण कलापूरचे लोक, आणि जुळण्या फोनवर शोधतो.

परगावी
७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मी बेंगळुरूला असतो, आई वडणगेला. चैत्रात जोतिबाला जाणं गेली तीन वर्षं जमलं नाही. आईला पाठवायला जोतिबाच्या रंगांचं कार्ड करतोय, आयुष्यात पहिल्यांदा. गुलाल खराच चिकटवू का? डब्यात गेल्या यात्रेचा थोडा आहे, आईनंच पाठवलेला.

निळी_शाई
७ ऑक्टोबर, रात्री १०:४५

खरा गुलाल पाकिटात सुटतो आणि आतली अक्षरं, पाकीट, पोस्टमनचा हात सगळं गुलाबी करतो. पोस्टर कलरमधला मॅजेन्टा घ्या, त्यात चिमूटभर पांढरा. खरा गुलाल द्यायचाच असेल तर बटर पेपरच्या छोट्या पुडीत बांधून आत ठेवा, कपाळाला लावायला. आईंना ते जास्त आवडेल.

काठपदर
८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

परगावी, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल हेच अंग असतं बरं का. दगड, दीपमाळ, माणसं, सासनकाठ्या, काही सुटत नाही. म्हणून कार्ड सगळं गुलालीच कर, घाबरू नकोस. दवण्याची एक हिरवी काडी पदराला. आणि "चांगभलं" एवढंच लिही, बाकी मजकूर नको.

परगावी
८ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

डोळ्यात पाणी आलं काकू. तसंच करतो.

चिपाड
८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा पहिल्यापासनं वाचला. लई भारी चाललंय. मला चित्रातलं काही कळत न्हाई, पण रंग एक ठाऊक आहे तो सांगतो.

आमचं गाव कागल तालुक्यात. वडील गुळव्या. चाळीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर काढले. आता आमचं गुऱ्हाळ बंद आहे, ऊस कारखान्याला जातो. कार्तिकात त्यांची पंचाहत्तरी आहे. घरातली म्हणतात केक आणू. मला वाटतंय त्यांना त्यांचा रंग द्यावा.

गुऱ्हाळावर रंग कसा बदलतो ते सांगतो. रस काहिलीत पडतो तेव्हा मळकट हिरवा, बघून कुणाला पटणार न्हाई की ह्याचा गूळ होतो. जाळ लागला की वर मळी येते, काळपट हिरवी, फेसाळ. भेंडीचं पाणी घातलं की ती गोळा होते, झाऱ्यानं काढत राहायची. मळी निघाली की खाली रस पिवळा दिसायला लागतो. मग आटत आटत काकवी. आणि तिथनं पुढं सगळा खेळ. फेस बारीक होतो, रंग सोन्यावर येतो, आणि वडील थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायचे. गोळी झाली की ओरडायचे आणि चौघं मिळून काहील उतरवायची. पाच मिनिटं उशीर झाला तर पाक पुढं जातो, गूळ काळपट होतो, आणि बाजारात सौद्याला भाव पडतो. सगळी किंमत रंगाची. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात आलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "रंग राखला म्हणून मिळालं."

ताई, तुम्ही मला एक कार्ड करून द्याल का? पैशाचं बोला. किंवा मला शिकवा, मी करतो. पण माझ्या हातानं त्यो रंग निघंल असं वाटत न्हाई.

मोरपंखी
८ ऑक्टोबर, रात्री ११:५०

दादा, पैशाचं बोलायचंच नाही. मी करते. पण तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला एकच कळलं, हे एका रंगाचं कार्ड नाही. तो प्रवास आहे, मळकट हिरव्यापासून सोन्यापर्यंत. मला दोन-तीन प्रश्न आहेत. चुलवाणाच्या भोवती काय रंग दिसायचा? चिपाडाचा ढीग कसा दिसतो? वडील काय घालायचे?

चिपाड
९ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

चिपाड वाळलं की पांढरट, गव्हाच्या काडासारखं, पण धूर लागून राखाडी झाक. चुलवाणाच्या तोंडाला आतनं लालभडक, बाहेरनं सगळं काजळीनं काळं. वडील पांढरं धोतर आणि पांढरी बंडी, पण गुऱ्हाळावरची बंडी पांढरी नसायचीच, काकवीचे डाग. डोक्याला टॉवेल, तो बहुतेक लाल चौकड्याचा.

मोरपंखी
१९ ऑक्टोबर, दुपारी १:१५

दहा दिवस गप्प होते, कारण हात रंगात होते. आता एकेक सांगते.

रंकाळा जमला. पारवा पूर्ण कार्डभर, निळी_शाई यांनी सांगितल्याप्रमाणे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून. खालच्या कडेला संध्यामठाच्या काळ्याची सलग पट्टी, तिच्यावर केसाएवढी शेवाळी. आणि उजव्या बाजूला केशरी, नखाएवढा, त्याच्याखाली पाण्यात लांबलेली एक फिकी ओळ. डोळे अर्धे मिटून बघितलं आणि मला गार वारा लागला. सोलापूरच्या आत्याला हेच पाठवलंय. मागं नावं लिहिली आहेत चारही रंगांची.

अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं एक केलंय. तारखा सगळ्यांना ठाऊकच आहेत, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत येतो, पहिल्या दिवशी पायांशी, मग वर वर चढत जातो. मी आधी भरपूर सोनेरी घेतलं होतं, देवीचं म्हणून. काठपदर काकूंचं वाक्य आठवलं आणि सगळं पुसलं. आता पूर्ण कार्ड काजळीचं काळं, देवळाच्या दगडासारखं, थोडा हिरमिजी मिसळून ऊब दिलेलं. आणि तळाला पिवडीचा एक तिरपा पट्टा, फक्त करंगळीएवढा. तिन्ही दिवसांची तीन कार्डं करून बहिणींना पाठवणार आहे, पट्टा एकेकीत वर सरकलेला. तिघींनी एकत्र ठेवली की किरण चढलेला दिसेल.

काका, तुमच्याकडं येऊन गेले. महापुराच्या शीटवर मी फक्त एक होडी काढली, तीही कोरीच, कापून. घडी अजिबात तडकली नाही. तुमच्या हातची खळ घरी आणली, आई म्हणाली लहानपणी पतंगाला हीच लावायचो.

आता गुऱ्हाळ. याच्यावर सहा दिवस गेले. लांबट कार्ड घेतलं, तीन घड्यांचं, एकेक पान उघडत जायचं. पहिल्या पानावर रसाचा मळकट हिरवा, पिवडीत काजळी घातली की असा हिरवट मळका रंग येतो हे मला या निमित्तानं कळलं. दुसऱ्यावर मळी बाजूला होऊन पिवळा वर येतो, तिथं ओल्या कागदावर रंग सोडला आणि आपला आपण पसरू दिला, फेसाचे कंगोरे त्यानंच काढले. तिसऱ्यावर काकवी, बर्न्ट सिएना पाण्यात पातळ करून सात हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. एकाच वेळी जाड लावला असता तर चिखल झाला असता. पातळ थरांतून खालचा कागद उजळतो, म्हणून ती काकवीसारखी आतून चमकते. शेवटच्या पानावर गुळाचं सोनं, पूर्ण पानभर, आणि कोपऱ्यात लाल चौकड्याच्या टॉवेलचा एक तुकडा, तीन रेघा आडव्या तीन उभ्या. बाहेरच्या बाजूला सगळं चिपाडाच्या रंगाचं, धूर लागलेलं. आत काहीही लिहिलेलं नाही, जागा तुमच्यासाठी सोडली आहे दादा. तुमच्या अक्षरात लिहा. वजन १८ ग्रॅम भरलं, काकांच्या हिशेबात बसतंय. काल पोस्टात टाकलं.

काठपदर
१९ ऑक्टोबर, दुपारी ३:००

सात हात! पूर्वी रंगारी लुगडं असंच बुडवायचे, वाळवायचे, परत बुडवायचे. एका बुडवणीत आलेला रंग पहिल्या धुण्यात जातो म्हणायचे. शाबास गं पोरी.

परगावी
२३ ऑक्टोबर, रात्री ९:००

आईला कार्ड मिळालं. फोनवर काही बोललीच नाही थोडा वेळ. मग म्हणाली पुडी उघडली, आधी देवाला लावला, मग स्वतःला, मग तुझ्या फोटोला. दवण्याची काडी तिनं हुंगून बघितली म्हणे. रंगवलेली होती ती.

निळी_शाई
२४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

आज नववीच्या वर्गात अंग-काठ-पदर केलं. प्रत्येकानं घरातली एकच वस्तू बघून तीन रंग आणायचे होते. एका मुलानं वडिलांच्या कोल्हापुरी चपलेचे आणले. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याचा तपकिरी अंगाला, वेणीचा काळपट काठाला, आणि पदराला गोंड्याचा लाल. वडील चपला करतात हे त्यानं पहिल्यांदा वर्गात उभं राहून सांगितलं. फळ्यावर त्याचंच कार्ड लावलंय.

चिपाड
११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

ताई, उशीर झाला, माफी असावी. पंचाहत्तरी आज होती. सगळी जमली होती. जेवणं झाल्यावर कार्ड दिलं.

वडिलांनी चष्मा पुसला. पयलं पान उघडलं, म्हणाले, "रस." दुसरं उघडलं, "मळी निघाली." तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. कार्ड दिव्याकडं तिरकं धरलं, परत सरळ धरलं. मग शेवटचं पान बघितलं आणि मान हलवली. न्हाई म्हणाले. "काकवी बरोबर आहे. पोरीनं नीट आटवलीय. पण ह्यो गूळ काहील उतरवून गार झाल्यावरचा आहे. उतरवायच्या टायमाला रंग असा नसतो, त्यात थोडी लाली असती. ती दिसली की ओरडायचं. ती गेली की उशीर झाला."

मग नातवंडांना बोलावलं आणि कार्ड हातात धरून एकेक पान उघडत सगळं गुऱ्हाळ सांगितलं. तासभर. गेल्या दोन वर्षांत ते एवढं बोलले नव्हते.

त्यांनी विचारलंय, दुसरं कार्ड मिळंल का, लाली असलेलं.

मोरपंखी
११ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मिळेल, दादा. आत्ता पाट मांडला होता, रात्रीचा रंग मिसळणार नाही, सकाळी उजेडात बसते. बाबांना एवढंच विचारून ठेवा, ती लाली डाळिंबाची, विटेची की कुंकवाची? ते म्हणतील ते नाव लिहून पाठवा. चार-पाच पट्ट्या करून पोस्टानं पाठवते, त्यातली कुठली ते बोट ठेवून सांगू देत.